सहीच्या पलीकडे पाहणारा कायदा

मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाविषयी आज बोलायचं आहे. तारण नको, जामीन नको, बँकेत खेटे घालायला नकोत. आधार आणि पॅनचा फोटो काढायचा, ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवायचं, की पैसे खात्यात जमा. ही सोय खरी आहे. ज्यांना बँक दारात उभं करत नाही, अशा अनेकांची अडचण तिने भागवली आहे. पण 2020 च्या टाळेबंदीत, लोकांचा रोजगार गेला तेव्हा, या सोयीची दुसरी बाजू देशाला दिसली. समजा, पाच हजारांचं कर्ज आहे. ‘प्रोसेसिंग फी’ आधीच कापून हातात साडेतीन हजार पडले आणि सात दिवसांत पुरे पाच हजार भरायचे आहेत. हा दर आठवड्याला जवळजवळ त्रेचाळीस टक्के होतो, वर्षाचा हिशेब केला तर दोन हजार टक्क्यांच्या वर. कर्ज देतानाच फोनमधल्या नावांची यादी आणि फोटो ॲपने उचललेले असायचे. मुदत टळली की नातेवाईक, शेजारी, कचेरीतले साहेब यांना फोन जायचे, विकृत केलेले फोटो पाठवले जायचे. त्या वर्षाच्या अखेरीस तेलंगणात काही कर्जदारांनी आत्महत्या केल्या आणि जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने अभ्यासगट नेमला. या गटाला भारतीय ग्राहकांसाठीच्या ॲप स्टोअर्सवर दोन महिन्यांत सुमारे 1,100 कर्ज-ॲप्स आढळली. त्यांतली 600 बेकायदा होती. अशा वेळी धंदेवाल्यांचा बचाव ठरलेला असतो: ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या, यादी वाचायची परवानगी त्यानेच दिली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की, गरजवंताची संमती मिळाली म्हणून व्यवहार न्याय्य ठरत नाही, आणि ती संमती कशी मिळवली गेली हे पाहणं सरकारचं काम आहे.

हा विचार नवा नाही. महाराष्ट्राने त्याची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला मोठा भाव आला आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडले, सारा मात्र वाढला. कर्जाचा बोजा चढू नये म्हणून सरकारने 1859 च्या कायद्याने रोख्यावरून दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली होती. सावकारांनी तीच मुदत आपल्या कामी लावली. दर तीन वर्षांनी जुनं व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि त्यावर कुळाचा अंगठा उठवायचा. न्यायालय फक्त रोखा पाही, त्यामुळे निकाल सावकाराच्या बाजूने लागे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोखे हस्तगत करून जाळण्याकडे होता. माणसांवर हल्ले क्वचित झाले. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती आणि व्याज किती हे तपासायला सांगितलं. पावती आणि हिशेब मिळण्याचा कर्जदाराचा हक्क मान्य केला. मग सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेऊ लागले, तेव्हा त्या खरेदीखतामागचा खरा व्यवहार तपासण्याचाही अधिकार न्यायालयाला द्यावा लागला. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यातही अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. म्हणजे जो नियम फक्त कागद पाहतो त्यातून पळवाट काढता येते. जो व्यवहाराचं स्वरूप पाहतो तोच टिकतो.

या कसोटीवर रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर 2022 चे डिजिटल कर्जाचे नियम पाहावेत. कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात जावी आणि परतफेडही तशीच व्हावी. मधल्या ॲपवाल्याच्या खात्यातून नाही. ॲपवाल्याचा मोबदला कर्ज देणाऱ्याने द्यावा, घेणाऱ्याकडून तो उकळू नये. सगळे आकार धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो, हे करार होण्याआधी एका ठरावीक पत्रकात सांगावं. सुरुवातीच्या ठरलेल्या दिवसांत, मुद्दल आणि त्या दिवसांपुरता आकार भरून, दंडाशिवाय कर्ज परत करता यावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ॲपने फोनमधले फोटो, नावांची यादी, कॉलची नोंद यांना हात लावू नये. या शेवटच्या नियमात ग्राहकाची परवानगी असली तरी सूट नाही, आणि मला तो म्हणूनच मोलाचा वाटतो. त्या यादीतल्या दोनशे माणसांनी कोणतंही कर्ज घेतलेलं नसतं. त्यांच्या वतीने परवानगी देणारा कर्जदार कोण? जबाबदारीचंही तसंच आहे. बुडीत कर्ज भरून द्यायची हमी ॲपवाला घ्यायचा आणि वित्तकंपनी आपला परवाना जणू भाड्याने द्यायची. जून 2023 मध्ये या हमीला कर्जांच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली गेली. परवाना ज्याचा, जोखीम आणि जबाबदारीही त्याचीच, असा याचा अर्थ.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, नियम वाढले तर गरिबाला कर्जच मिळणार नाही. याला आधार आहे. 1879 नंतरही सावकारांनी हात आखडल्याच्या तक्रारी झाल्या. 2010 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने सूक्ष्मकर्ज कंपन्यांवर घाईने वटहुकूम काढला, तेव्हा राज्यातली वसुली कोलमडली आणि पाठोपाठ नवा कर्जपुरवठाही आटला. पण यातून नियमन नको असं निघत नाही. आडदांड नियमन नको, एवढंच निघतं. धंदा बंद पाडणं वेगळं आणि धंदा कसा करावा हे सांगणं वेगळं. 1879 च्या कायद्याची उणीव पुढे 1904 च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने भरून काढायचा प्रयत्न झाला. आजही लहान रकमेचं, झटपट कर्ज बँका, पतसंस्था आणि बचतगट यांच्यामार्फत वाढायला हवं. शिवाय, सात दिवसांचं जे कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपकडून कर्ज काढावं लागतं, ते बंद झाल्याने गरिबाचं नुकसान होतं असं मानायला मी तयार नाही. दुसरा आक्षेप असा की, तंत्रज्ञान रोज बदलतं, कायदा मागेच राहणार. तंत्राचा तपशील लिहिणारा कायदा मागे राहतो हे खरं. पण पैसा थेट खात्यात जावा, कर्ज देणाऱ्याचं नाव उघड असावं, तिऱ्हाइताला त्रास देऊ नये, हे नियम तंत्र कितीही बदललं तरी जुने होत नाहीत.

तिसरा आक्षेप बाजाराच्या बाजूचा: कंपन्या आपणहून सुधारतात. गूगलने साठ दिवसांच्या आत पूर्ण परतफेड मागणाऱ्या कर्ज-ॲप्सना आपल्या स्टोअरवर मनाई केली आणि 2023 मध्ये कर्ज-ॲप्सना फोटो व संपर्कयादीपर्यंत पोचायला बंदी घातली, हे खरं आहे. पण साठ दिवसांची मनाई 2019 चीच होती, आणि तरीही त्यानंतरच्या वर्षात सात दिवसांच्या ॲप्सनी तिथूनच धंदा केला. आपला नियम मोडला तर आपल्यालाच काही भोगावं लागणार नसेल, तर कोणतीही कंपनी तो किती कसोशीने पाळणार? नीतीने चालणाऱ्या व्यावसायिकालाही कायद्याची गरज असते. खरा दर सांगणारा आणि तो लपवणारा एकाच बाजारात बसले, तर लपवणाऱ्याचं कर्ज स्वस्त दिसतं आणि सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं.

कमी आहे ती अंमलबजावणीची. रिझर्व्ह बँकेची सत्ता तिचा परवाना असलेल्या संस्थांवर चालते. परवानाच नसलेल्या ॲपचा बंदोबस्त पोलिसांनी आणि सरकारने करायचा आहे. 2024 च्या अखेरीस केंद्राने बेकायदा कर्जव्यवहारांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला, ती दिशा योग्य होती. त्यात ॲप दुकानात ठेवणारा, त्याची जाहिरात दाखवणारा आणि त्याचे पैसे फिरवणारा या सगळ्यांची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली असावी. आणि श्रोतेहो, तोपर्यंत एक करा. कर्ज घेण्याआधी ॲपमागची बँक किंवा वित्तकंपनी कोणती ते विचारा आणि ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते पाहा. छळ सुरू झाला तर लाजेने गप्प बसू नका. सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करा. कर्ज घेणं हा गुन्हा नाही. वसुलीसाठी माणसाची अब्रू वेठीला धरणं हा गुन्हा आहे.