फेंगशुई म्हणजे वारा आणि पाणी

वसई-विरारमध्ये कुणी फ्लॅट घेतला की गिफ्ट ठरलेलं: लाफिंग बुद्धा नाहीतर लकी बांबू. गंमत म्हणजे हा बुद्धा गौतम बुद्ध नाही, चीनमधला बुदाई नावाचा भिक्षू आहे. आणि लकी बांबू हा बांबूच नाही, मूळचं आफ्रिकेतलं ड्रॅसिना आहे.

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. चिनी पंचतत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. फेंगशुई मुळात जागा निवडायची रीत: पाठीशी डोंगर, समोर पाणी.

या हिशोबाने आपलं एकदम परफेक्ट! पूर्वेला तुंगारेश्वर, पश्चिमेला समुद्र. पण डोंगराचं पाणी समुद्राकडे जाणार ते मधल्या सखल भागातूनच, आणि तिथेच आपल्या बिल्डिंगा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचलं, लोकल थांबल्या.

म्हणून फ्लॅट बघायचा तर भर पावसात जा. तळमजल्यावरच्या काकूंना विचारा, पाणी कुठपर्यंत चढतं? खिडक्यांतून वारा आरपार जातो का बघा. ईएमआय २० वर्षं भरायचा असतो. विंड चाइम काय, नंतर हौसेनं लावा!