चांदीचं पाणी आणि आमचा मोती

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सांस्कृतिक समितीने मला ‘रेल्वेवर काहीतरी बोला’ असं सांगितलं होतं. पण हल्ली आपल्या कॉलनीत घरोघरी कुत्री-मांजरं दिसतात, म्हणून मी विषय बदलून घेतला. मी डॉक्टर नाही, सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला इंजिनिअर आहे. आज जे सांगणार आहे ते माझ्याच चुकीतून शिकलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी मोती आला. चार महिन्यांचं पिल्लू. लसीचा एकच डोस झाला होता, पुढचे माझ्या ड्यूटीच्या गडबडीत राहिले. एके दिवशी त्याने खाणं सोडलं, उलट्या झाल्या, संध्याकाळी रक्ताचे जुलाब. एका हितचिंतकाने ‘कोलॉयडल सिल्व्हर’ सुचवलं, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं पाणी. म्हणे सगळे जंतू मरतात आणि अपाय काही नाही!

मला लगेच पटलं. आपल्याकडे बाळाचं उष्टावण चांदीच्या वाटीने होतं, मिठाईवर चांदीचा वर्ख असतो. आमच्या सिग्नलच्या रिलेमध्येही चांदीचे कॉन्टॅक्ट असतात. सराफाकडून शुद्ध चांदीच्या दोन तारा आणल्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडल्या, बॅटरी जोडली. झालं औषध! दर दोन तासांनी चमचा-चमचा पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीने शेपूट हलवली. मी घरात जाहीर केलं, ‘गुण आला!’ त्याच रात्री त्याला उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तपासणीत पार्व्हो निघाला. सलाईन लावलं, पण पहाटे मोती गेला.

डॉक्टरसाहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पहिल्या दिवशी आणलं असतंत तर खात्री दिली नसती, पण संधी होती.” ते वाक्य आजही टोचतं.

नंतर मी या विषयाचा अभ्यास केला. चांदीत जंतुनाशक गुण आहे, हे खरं. भाजलेल्या जखमेवरच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमात ती असतेच. पण ते वरून लावायचं औषध. काचेच्या बशीत जंतू मरणं वेगळं आणि जिवंत शरीरात रोग बरा होणं वेगळं. पार्व्होत पिल्लू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि सोललेल्या आतड्यातून जंतू रक्तात शिरल्यामुळे. त्याला शिरेतून सलाईन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक लागतं. चमचाभर चांदीचं पाणी यातलं काहीच करत नाही.

अपाय नाही, हेही खोटं. ही चांदी अंगात साठते. अमेरिकेत मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ साली असंच पाणी घरी करून प्यायला सुरुवात केली. त्यांची कातडी निळसर करडी झाली. असा रंग सहसा कायमचाच राहतो. त्याच १९९९ साली तिथल्या औषध प्रशासनाने, दुकानात मिळणारी अशी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

आमच्या खात्यात एक तत्त्व आहे, ‘फेल-सेफ’. यंत्र बिघडलं तर सिग्नल लालच झाला पाहिजे. माझं चांदीचं पाणी निकामी होतं, तरी हिरवा दाखवत राहिलं. मोतीची हललेली शेपूट तो खोटा हिरवा होता. त्यात आमचे दोन दिवस गेले.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लस सुरू करा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी निदान सोळा आठवड्यांपर्यंत डोस पूर्ण करा. उलटी-जुलाबात रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पार्व्होचं पिल्लू ज्या अंगणात होतं, तिथे लगेच नवं पिल्लू आणू नका. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

त्या दोन तारा मी अजून टूलबॉक्समध्ये ठेवल्या आहेत. कुणी खात्रीचा घरगुती उपाय सांगू लागलं की त्या आठवतात.

आपला बाप्पा एवढ्याशा उंदरालाही पायाशी जागा देतो. आपल्या दारी आलेल्या मुक्या जिवाला निदान वेळेवर डॉक्टर मिळावा, एवढंच मागणं.

गणपती बाप्पा मोरया!