‘मी रजेवर आहे’ : ऑफिसच्या मेलला आपोआप जाणारं उत्तर नीट कसं लावायचं?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना बटणांची नावं निसटतात, ती इथून बघून घ्या.)

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, मग ऐका.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात काय एवढं? ऑफिसच्या मेलवर ‘मी सुट्टीवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावणं. दोन मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटायचं. पण या दोन मिनिटांच्या कामात मी एका मुलीचं एक वर्ष घालवलंय, म्हणून आज बोलतोय.

मी मोहाडीचा, भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. त्यानंतर मंडई सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. रात्री दंडार, नाटक, घरी पाहुणे. त्याच दिवसांत धानाची कापणी आणि चुरणी. म्हणजे अर्धा तालुका रजेवर! मी तेव्हा एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात होतो. संस्थेचा मेल मीच बघायचो. सुट्टीवर निघताना जीमेलमध्ये आपोआप उत्तर लावलं: ‘मी सध्या रजेवर आहे. परत आल्यावर उत्तर देईन.’ आणि निघालो.

सुट्टी संपली, ऑफिसात परत आलो, कामाला लागलो. ते उत्तर मात्र चालूच राहिलं. शेवटची तारीख टाकायची जागा मी रिकामी सोडली होती. ती तारीख टाकली नाही तर आपण बंद करेपर्यंत उत्तर जातच राहतं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं असतं तर वरच रंगीत पट्टी दिसली असती, ‘सुट्टीचं उत्तर चालू आहे’ म्हणून. पण मी आठवडाभर मेल फोनवरच बघत होतो.

त्या आठवड्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेल आला. आंधळगावकडची मुलगी. पुढच्या प्रवेशासाठी तिला संस्थेचं एक पत्र हवं होतं आणि हातात दोन दिवस होते. तिला लगेच उत्तर गेलं: ‘मी रजेवर आहे.’ दुसऱ्या दिवशी तिनं परत मेल केला. त्याला काहीच उत्तर गेलं नाही, कारण जीमेल एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच असं उत्तर पाठवतं. तिला वाटलं, ऑफिसला कुलूप आहे. साचलेल्या मेलच्या ढिगातून मी तिच्या मेलपर्यंत पोचलो चौथ्या दिवशी. मुदत संपली होती.

नंतर ती भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “सर, तुमी त ऑफिसातच होते ना? मी सायकलनं आली असती.”

खरंय. माझ्या उत्तरात ना तारीख होती, ना ऑफिसचा फोन, ना दुसऱ्या कुणाचं नाव. मेल बघायला उशीर झाला ही माझी चूक होतीच, पण त्या उत्तरानं तिला घरी बसवून ठेवलं. तिनं पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. वर्ष गेलं ते गेलंच.

तर आता कामाचं बोलू.

जीमेल असेल तर

कॉम्प्युटरवर वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह असतं. ते दाबा, ‘सी ऑल सेटिंग्ज’वर जा. ‘जनरल’मध्ये अगदी खाली ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’ दिसेल. तो ‘ऑन’ करा. पहिला दिवस टाका आणि शेवटच्या दिवसाच्या चौकोनात टिक करून तीही तारीख टाका. विषय लिहा, मजकूर लिहा, खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. पुष्कळ जण हे शेवटचं बटणच विसरतात. फोनवर जीमेल ॲपमध्ये डावीकडच्या तीन रेघा, सेटिंग्ज, तुमचं खातं, आणि मग ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’.

तिथंच एक पर्याय आहे, फक्त ओळखीच्या यादीतल्या लोकांनाच उत्तर पाठवायचा. घरच्या मेलला तो चांगला. पण ज्या ऑफिसात अनोळखी लोकच मेल करतात, तिथं तो लावला तर ज्याला गरज आहे त्यालाच उत्तर जाणार नाही.

आउटलुक असेल तर

कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये ‘फाईल’वर जा, तिथं ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ आहे. नव्या आउटलुकमध्ये किंवा ब्राउझरमध्ये सेटिंग्ज उघडून शोधपट्टीत हेच शब्द टाका. चालू करा आणि ठरावीक वेळेतच पाठवायच्या पर्यायावर टिक करून सुरुवात आणि शेवट, दोन्ही भरा.

इथं दोन मजकूर वेगवेगळे लिहिता येतात: एक संस्थेच्या आतल्या लोकांसाठी, एक बाहेरच्यांसाठी. आतल्यांना सांगा, कोणती फाईल कुणाकडे आहे. बाहेरच्यांना सांगा, काम कुठं होईल. बाहेरच्यांचा मजकूर लिहिला का, हे तपासाच. नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला उत्तर जातं आणि गावाहून मेल करणारा वाट बघत बसतो.

आणखी एक. ही सोय कंपनीच्या एक्सचेंज सर्व्हरवर किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालते. तुमच्या जुन्या आउटलुकमध्ये साधं खातं जोडलेलं असेल आणि ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ दिसतच नसेल, तर नियम बनवून उत्तर लावता येतं. पण त्यासाठी कॉम्प्युटर आणि आउटलुक दोन्ही चालू राहावे लागतात. आपल्याकडे लाईट गेली की ते उत्तरही गेलं! त्यापेक्षा मेल देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून तिथंच लावा.

लिहायचं काय?

चार गोष्टी. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत नाही. परत कधी येणार. तोपर्यंत कुणाशी बोलायचं. आणि अगदी तातडीचं असेल तर काय करायचं. नमुना असा:

‘नमस्कार. तुमचा मेल पोचला आहे. मी ४ ते १० नोव्हेंबर रजेवर आहे. ११ नोव्हेंबरपासून मेलना उत्तर देईन. ऑफिस सुरू आहे. दाखला किंवा पत्र तातडीनं हवं असेल तर ऑफिसच्या या क्रमांकावर फोन करा किंवा सकाळी ११ ते ५ मध्ये प्रत्यक्ष या.’

‘ऑफिस सुरू आहे’ हे तीन शब्दांचं वाक्य मी त्या वेळी लिहिलं असतं, तर ती मुलगी सायकल घेऊन आली असती.

महिना शब्दात लिहा. ०४/११ लिहिलं तर परदेशातला कुणी ते ११ एप्रिल वाचेल. आणि तुमच्या जागी ज्याचं नाव देताय त्याला आधी विचारा. तोही मंडईलाच गेला असेल तर काय उपयोग?

काय लिहायचं नाही?

‘सगळं कुटुंब गावाला गेलंय’ असलं काही लिहू नका. हे उत्तर अनोळखी माणसालाही जातं. घराला कुलूप असल्याची बातमी आपणच का वाटायची? स्वतःचा खासगी मोबाईल नंबरही शक्यतो नको. आणि ‘तुमचं काम लगेच होईल’ असं वचन मशीनकडून देऊ नका.

आता एक गंमत. दोन माणसं रजेवर, दोघांचं उत्तर चालू. माझं उत्तर तुला, तुझं मला, परत माझं तुला... थांबणारच नाही! म्हणूनच एकाला एकदाच किंवा काही दिवसांतून एकदाच उत्तर पाठवायची पद्धत आली. २००४ साली यासाठी ‘आरएफसी ३८३४’ नावाचा तांत्रिक दस्तऐवजही निघाला. आपोआप गेलेल्या उत्तरावर तशी खूण असावी आणि अशा मेलला परत आपोआप उत्तर देऊ नये, असं त्यात सांगितलंय. पण या पद्धतीचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: समोरच्याला तुमचं उत्तर बहुतेक एकदाच मिळणार. म्हणून त्या एकाच उत्तरात सगळं आलं पाहिजे.

शेवटचं काम. उत्तर लावलं की लगेच दुसऱ्या खात्यावरून, मित्राच्या फोनवरून, स्वतःला एक मेल टाका. काय येतं ते वाचा. आपण गावाहून आलेलो, हातात दोन दिवस आहेत, असं समजून वाचा. आता कुठं जायचं ते कळतंय का? कळत असेल तर बिनधास्त सुट्टीवर जा.

आणि परत आल्यावर पहिला चहा घ्यायच्या आधी ते बंद झालंय का, ते बघा. मी आता बघतो. दरवेळी.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आजच एकदा आपल्या मेलची सेटिंग उघडून बघा. मागच्या दिवाळीचं उत्तर अजून चालू असेल, काय सांगावं!