सौर पंपाची पेटी ओळखा



जुन्नर-आंबेगावात रात्रीचं दारं धरणं म्हणजे जिवावरचं काम. शेजारी उसाचा फड, त्यात बिबट्याची भीती. म्हणून दिवसा पाणी देणारा सौर पंप आपल्याला जवळचा वाटतो. केंद्राची कुसुम योजना 2019 साली आली, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 साली. पंप बसला, की एक तक्रार हमखास ऐकू येते : “ढग आले की मोटार फिरते, पण पाणी पडत नाही.” पंप बिघडला का? बहुधा नाही.

प्लेटा आणि मोटार यांच्यामध्ये कंट्रोलरची पेटी असते. प्लेटांतून येते डीसी वीज. थ्री फेज मोटारीला ती चालत नाही. पेटीतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिची थ्री फेज वीज बनवतात. ऊन उतरलं की पेटी हर्ट्झ कमी करते आणि त्याच बेताने व्होल्टेजही. मोटार जळत नाही, हळू फिरते.

आता हिशेब पाहा. 50 हर्ट्झवर 50 मीटर पाणी चढवणारा पंप 40 हर्ट्झवर सुमारे 32 मीटरच चढवतो. तुमचा चढ 35 मीटरचा असेल, तर मोटार फिरेल, पाणी येणार नाही. म्हणून पंप निवडण्याआधी, मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असताना, पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. लांब पाइपातलं घर्षण त्यात धरा आणि थोडी ताकद हाताशी राखून पंप घ्या.

आणखी चार गोष्टी पाळा :

1. प्लेटांवर झाडाची किंवा खांबाची सावली नको. ओळीतल्या एका प्लेटेवरची सावलीही साऱ्या ओळीची वीज घटवू शकते.

2. प्लेटा सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुवा.

3. पेटी सावलीत, हवेशीर जागी असावी. तिच्यावर पोती टाकू नका.

4. पेटी स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत काही काळ वीज साठून राहते, आणि ऊन आहे तोवर प्लेटांच्या तारांत वीज असतेच. चालू पंपाची डीसी तार ओढाल तर ठिणगी लवकर विझत नाही. हात भाजतो, जीवही जातो.

पेटीवर जो आकडा किंवा अक्षर दिसेल, ते वहीत उतरवून ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याला सांगा. निम्मं काम तिथंच होतं.