कात्री, डिंक आणि सहा दिवस



दीक्षान्त समारंभात ज्या कलाकृतींचे दाखले दिले जातात त्या बहुधा वर्षानुवर्षे घोटून निर्दोष केलेल्या असतात. प्रस्तुत भाषणाचा विषय मात्र दोन विद्यार्थ्यांनी रंगीत कागद कापून केलेला, चित्रणाच्या दृष्टीने ओबडधोबड आणि ज्यातील एकही संवाद या सभागृहात उद्धृत करता येणार नाही असा एक लघुपट आहे. 'द स्पिरिट ऑफ ख्रिसमस' हे नाव खरे तर दोन लघुपटांना मिळून वापरले जाते. पहिला १९९२ सालचा आणि दुसरा १९९५ सालचा, आणि या दोहोंच्या पोटी कॉमेडी सेंट्रल या अमेरिकी केबल वाहिनीवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सुरू झालेली 'साउथ पार्क' ही विनोदी मालिका जन्माला आली. ही हकीकत बहुतेक वेळा नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. दृश्यकलेचे शिक्षण घेतलेल्यांनी तिच्याकडे कारागिरीचा प्रश्न म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरेल, कारण या चित्रांतला ओबडधोबडपणा आला तो साधनांच्या अभावामुळे, पण पुढे हाती हवी तितकी साधने आल्यावरही तो मुद्दाम जपला गेला, आणि तो का जपला गेला याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात थोडे आणि निर्मितीच्या वेळापत्रकात फार सापडते.

ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात चित्रपटविद्येचे विद्यार्थी असताना एकत्र आले. १९९२ साली त्यांनी केलेला पहिला लघुपट शाळकरी मुले हस्तकलेच्या तासाला वापरतात तसला जाडसर रंगीत कागद, डिंक आणि एक जुना फिल्म कॅमेरा एवढ्या सामग्रीवर उभा राहिला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात विद्यार्थ्यांच्या चित्रपटांच्या खेळात दाखवला गेला. या तंत्राला कटआउट ॲनिमेशन म्हणतात. पात्रांचे डोके, धड, हात, डोळे, तोंड हे सर्व निरनिराळे तुकडे कापून सपाट पृष्ठभागावर मांडायचे, वरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने एक चौकट टिपायची, मग एखादा तुकडा किंचित सरकवायचा आणि पुढची चौकट टिपायची, अशी ही रीत आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी धरल्या आणि प्रत्येक स्थिती दोन-दोन चौकटींना पुरवली, तरी एका मिनिटासाठी ७२० वेळा तुकडे सरकवावे लागतात, तेव्हा ओबडधोबड दिसणारे काम कमी कष्टाचे असते हा समज येथेच गळून पडतो. या रीतीला मोठी परंपराही आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या छायाकृती हलवून १९२६ साली पूर्ण लांबीचा चित्रपट सिद्ध केला होता, आणि पार्कर व स्टोन ज्यांचे ऋण उघडपणे मानतात त्या 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीतील टेरी गिलियम यांनी जुन्या छायाचित्रांचे व छापील चित्रांचे तुकडे कापून दूरचित्रवाणीवर धमाल उडवली होती.

पहिल्या लघुपटात काही मुले बर्फाचा माणूस बनवतात, त्याच्या डोक्यावर जादूची टोपी ठेवतात आणि तो जिवंत होताच मुलांच्याच जिवावर उठतो. टोपीमुळे जिवंत होणारा बर्फाचा माणूस हा अमेरिकी नाताळगाण्यातला एक गोड, निरुपद्रवी प्राणी असल्यामुळे त्याचे राक्षसात रूपांतर करणे हाच तेथला मूळ विनोद आहे. अखेरीस येशूच्या जन्मदेखाव्यातील बाळ येशू आपले तेजोवलय फेकून ती टोपी उडवतो, आणि एवढ्या संहारानंतर मुले नाताळचा खरा अर्थ भेटवस्तू असाच लावतात. टोपडेवजा कोटात गुरफटलेल्या मुलाचा मृत्यू आणि मित्राच्या मृत्यूवर मुलांनी केलेला तो प्रसिद्ध आक्रोश, जो पुढे मालिकेचे पालुपद झाला, या बालिश प्रयोगातच प्रथम ऐकू येतो. मात्र मालिकेत मरणाऱ्या मुलाचे केनी हे नाव, आणि त्याबरोबर तो आक्रोशही, येथे अजून भलत्याच पात्राच्या वाट्याला आलेला आहे.

लहानसा चित्रपट हातात धरून मोठ्या चित्रपटाकडे जाण्याची ही वाट महाराष्ट्राला अपरिचित नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, रोपाच्या वाढीच्या एकेक अवस्थेची चौकट ठरावीक अंतराने टिपली आणि 'अंकुराची वाढ' हा चिमुकला चित्रपट सिद्ध केला, ज्यात कित्येक दिवसांची वाढ क्षणांत उलगडताना दिसते. हा चित्रपट पाहूनच भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे १९१५ साली फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवणारी 'आगकाड्यांची मौज' केली, तीही याच चौकटीमागून चौकट टिपण्याच्या तत्त्वावर. फाळक्यांचे वाटाण्याचे रोप आणि बोल्डरचा बर्फाचा माणूस यांचे तांत्रिक कूळ एकच आहे, हेतू मात्र भिन्न आहेत: फाळक्यांना धनकोची खात्री पटवायची होती, बोल्डरच्या विद्यार्थ्यांना वर्गमित्रांना हसवायचे होते.

हसण्यातून धंदा उभा राहण्यासाठी मध्ये एक माणूस यावा लागला. फॉक्स या कंपनीतील अधिकारी ब्रायन ग्रेडन यांनी पहिला लघुपट पाहिला आणि मित्रमंडळींना नाताळच्या शुभेच्छापत्राऐवजी व्हिडिओ फीत पाठवावी या कल्पनेने १९९५ साली दुसरा लघुपट करून घेतला. त्यात येशू आणि सांता क्लॉज नाताळच्या मालकीवरून गावात हातघाईवर येतात आणि चार मुलांना कोणाची बाजू घ्यावी हे कळत नाही. ही चार मुले म्हणजेच स्टॅन, काइल, कार्टमन आणि केनी, आणि ते गाव म्हणजे साउथ पार्क. फीत ज्यांच्या हाती गेली त्यांनी तिच्या प्रती काढल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि पुढे नव्यानेच पसरू लागलेल्या इंटरनेटवरूनही ती फिरली, त्यामुळे आज ज्याला व्हायरल होणे म्हणतात त्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. प्रती वाटणाऱ्या उत्साही मंडळींत अभिनेते जॉर्ज क्लूनी यांचेही नाव घेतले जाते. पहिल्याच हंगामात मालिकेने त्यांना आवाजाचे काम दिले ते एका कुत्र्याचे, आणि ते जवळजवळ सगळे भुंकण्याचे होते.

फितीवरून फीत काढली की दर प्रतीगणिक चित्र पुसट होत जाते, रंग एकमेकांत उतरतात आणि बारकावे नाहीसे होतात. मोठे गोल डोळे, सपाट रंग आणि ठळक कडा यांखेरीज ज्या चित्रात काहीच नाही ते चित्र या झिजेतून सर्वांत कमी नुकसान सोसून बाहेर पडते, म्हणून ग्रेडन यांच्या मित्रांच्या मित्रांपर्यंत पोहोचलेला लघुपट मूळ लघुपटापेक्षा फारसा वेगळा दिसत नसावा, असा तर्क करण्यास जागा आहे. तथापि केवळ टिकाऊपणामुळे कोणी प्रती काढीत नाही. चित्र कितीही कच्चे असले तरी कथेची शिवण पक्की होती. दुसऱ्या लघुपटात येशू सांताला शोधत येतो, म्हणून दोघांची गाठ पडते. दोघेही नाताळ आपलाच म्हणतात, म्हणून मारामारी होते. मुलांना बाजू निवडावी लागते, पण निवड करता येत नाही, म्हणून ती सल्ल्यासाठी थेट १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमधील फिगर स्केटिंगचे सुवर्णपदकविजेते ब्रायन बॉइटानो यांच्याकडे वळतात. सल्ला मिळतो, समेट होतो, पण मुले त्यातून काढतात तो निष्कर्ष असा की यहुदी झाल्यास आठ दिवस भेटी मिळतात, म्हणून धर्म बदललेलाच बरा. २०११ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांशी बोलताना पार्कर आणि स्टोन यांनी हाच दंडक स्पष्ट केला: कथेच्या दोन घटनांमध्ये 'आणि मग' बसत असेल तर लेखन फसले, तेथे 'म्हणून' किंवा 'पण' बसले पाहिजे. ज्यांनी या मालिकेच्या यशानंतर नुसता ओबडधोबडपणा आणि शिवराळपणा उचलला त्यांना ही शिवण दिसली नाही.

फॉक्सने ही मालिका घेतली नाही. बोलणारी विष्ठा हे पात्र तेथील वरिष्ठांच्या पचनी पडले नाही, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर त्यांना दोष देणे कठीण आहे. कॉमेडी सेंट्रलने तयारी दाखवली, आणि पहिला भाग, ज्याला दूरचित्रवाणीच्या व्यवहारात पायलट म्हणजे मालिकेचा नमुना-भाग म्हणतात, जवळजवळ सर्वस्वी कागदी तुकड्यांनीच केला गेला. त्याला सुमारे तीन महिने लागले, आणि चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, तो रुचलाही नाही. तीन महिन्यांत एक भाग या गतीने साप्ताहिक मालिका चालणे अशक्य असल्यामुळे पुढच्या भागापासून काम संगणकावर गेले, आणि येथेच या कथेतील सर्वांत विलक्षण निर्णय घेतला गेला. 'ज्युरासिक पार्क'मधले डायनासोर ज्या कुळातल्या महागड्या संगणकप्रणालीने जिवंत केले होते, त्याच प्रणालीकडून आता कागदाचे तुकडे कापल्यासारखे, किंचित उसळत चालणारे, मान न वळवता फक्त डोळे फिरवणारे पोरटे काढून घेण्यात आले, आणि कागदाचा पोत हुबेहूब उतरावा म्हणून खरा कागद स्कॅन करून आकृतींवर चढवला गेला. याच काळातील दुसरे उदाहरण ताडून पाहावे. सेथ मॅकफार्लेन यांनी विद्यार्थी असताना १९९५ साली केलेल्या 'द लाइफ ऑफ लॅरी' या लघुपटातून १९९९ साली 'फॅमिली गाय' ही मालिका आली, पण तिचे चित्रण दूरचित्रवाणीच्या सफाईदार रेषेशी जुळवून घेणारे होते. पार्कर-स्टोन यांनी पैसा मिळाल्यावर सफाई विकत घेतली नाही, वेळ विकत घेतला.

त्या वेळेचा हिशेब असा. दूरचित्रवाणीवरील अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचा एक भाग संहितेपासून प्रक्षेपणापर्यंत पोहोचण्यास साधारणतः कित्येक महिने लागतात, कारण रेखाटनाचे बरेचसे काम परदेशी स्टुडिओंकडे जाते आणि परत येते. 'साउथ पार्क'चा भाग मात्र बहुधा सहा दिवसांत लिहिला, बोलला, हलवला आणि जोडला जातो. २०११ साली निघालेल्या माहितीपटाचे नावच 'सिक्स डेज टू एअर' असे आहे. पात्रांचे बहुतेक आवाज पार्कर आणि स्टोन स्वतःच देतात, मुलांसाठी ते उंच स्वरात चढवले जातात, आणि त्यामुळे बुधवारच्या प्रक्षेपणाआधी मंगळवारी रात्री एखादे वाक्य बदलले तरी कलावंताची वेळ मागत बसावे लागत नाही. सपाट आकृतीचे तोंड बदलणे सोपे असल्यामुळे चित्रही संवादामागे धावू शकते. या व्यवस्थेचे फळ म्हणजे ताजेपणा. १३ डिसेंबर २००३ रोजी सद्दाम हुसेन पकडला गेला आणि १७ डिसेंबरच्या भागात ती घटना आली. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बराक ओबामा निवडून आले आणि ५ नोव्हेंबरच्या भागात त्यांचे विजयाचे भाषण होते. वृत्तपत्रातील व्यंगचित्रकाराला जे दररोज साधते ते बावीस मिनिटांच्या हलत्या व्यंगचित्राला साधणे ही ॲनिमेशनच्या इतिहासात नवी गोष्ट होती.

अर्थात घाईवर उभ्या राहिलेल्या यंत्रणेला घाईचे दोषही चिकटतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल अपेक्षेविरुद्ध लागला तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या भागाची एका रात्रीत फेरमांडणी करावी लागली, आणि तो भाग पाहताना ती ओढाताण जाणवते. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टुडिओतील वीज गेली आणि प्रक्षेपणाची वेळ पहिल्यांदाच चुकली. हे अपघात क्षुल्लक मानता येतील. २००६ सालचा एक भाग तसा मानता येणार नाही. त्या भागात हवामानबदलाविषयी इशारे देणारे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना अर्धा माणूस, अर्धे अस्वल आणि अर्धे डुक्कर अशा काल्पनिक प्राण्याच्या मागे धावणारा, लक्ष वेधून घेण्यासाठी आसुसलेला एकाकी मनुष्य म्हणून रंगवले होते. तीन अर्धे मिळून एक प्राणी होत नाही, हा विनोद उत्तम होता आणि विषयाचा अंदाज साफ चुकला होता. २०१८ साली मालिकेने तो प्राणी खरा असल्याचे दाखवले, तो गावात धुमाकूळ घालू लागला, आणि त्याच मुलांना गोर यांच्याकडे जाऊन क्षमा मागावी लागली. सत्तापालट, खटला, सामना किंवा मतदान यांसारख्या ज्या घटनांची हकीकत प्रेक्षकालाही त्याच आठवड्यात कळलेली असते त्यांवर हसण्यासाठी सहा दिवस पुरतात. हवामानबदलासारख्या संथ घटनेला मात्र ते पुरत नाहीत: वातावरणातील कर्बवायूची मोजदाद हवाई बेटांवरील मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ पासून चाललेली होती, आणि तिची दखल घ्यायला या यंत्रणेला बारा वर्षे लागली.