कर्जाचें नवेंजुनें

कर्ज ‘नवेंजुनें करणें’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रांतील शेतकर्‍याला अपरिचित नाहीं. जुनें कर्ज फेडावयाचें आणि लागलीच त्याच्या जागीं नवें उभें करावयाचें, असा त्याचा सरळ अर्थ. हा व्यवहार स्वभावतः चांगलाही नाहीं आणि वाईटही नाहीं. नव्या कर्जाचा दर जुन्याहून कमी असेल, आणि त्या सवलतीच्या काळांत मुद्दल खरोखर उतरत असेल, तर ऋणको तरतो. तसें न घडल्यास त्याच्या गळ्यांतील दोरीचें टोंक एका हातांतून दुसर्‍या हातांत जातें, एवढेंच. शहरांतील पगारदार माणसापुढें हाच प्रश्न आज क्रेडिट कार्डाच्या रूपानें उभा आहे.

दख्खनच्या कुणब्यानें या व्यवहाराची वाईट बाजू पुरेपूर अनुभवली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जखतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम विपरीत झाला. मुदत संपत आली, कीं सावकार नवें खत लिहून घेई, आणि थकलेलें व्याज त्या नव्या खतांत मुद्दल होऊन बसे. पुढें त्या व्याजावर व्याज चढे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें असंतोषाचा भडका उडाला; पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं शेतकर्‍यांनीं सावकारांच्या घरांतील खतें हस्तगत करून जाळलीं. त्यानंतर १८७९ च्या कायद्यानें खतावरील आंकडा प्रमाण न मानतां कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. कागदावर काय लिहिलें आहे, यापेक्षां तो आंकडा कसा फुगला, हें पाहणें महत्त्वाचें, ही त्यांतील शिकवण आजही जुनी झालेली नाहीं.

क्रेडिट कार्डाचें कर्ज फुगतें तें असें. बिलाची संपूर्ण रक्कम ठरल्या तारखेस भरली, तर खरेदीवर व्याज लागत नाहीं. थोडी जरी बाकी राहिली, तरी ही बिनव्याजी सवलत नाहींशी होते, आणि नव्या खरेदीवरही व्याज सुरू होतें. हा दर अनेक बँकांचा दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारें ४२ टक्के असतो; शिवाय त्या व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर असतो. समजा, बाकी १,००,००० रुपये आहे. महिन्याचें व्याज ३,५०० रुपये आणि कर ६३० रुपये, एकूण ४,१३०. बिलावर ‘किमान देय’ म्हणून पांच टक्के, म्हणजे ५,००० रुपये दाखविलेले असतील, तर ते भरून मुद्दलांतून अवघे ८७० रुपये उतरतात. गृहस्थाला वाटतें, आपण नियमित फेडीत आहों. वस्तुतः तो एकाच जागीं पाय मारीत असतो. केवळ किमान रक्कम भरल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षें लांबेल, असा इशारा बिलावर छापण्याचें बंधन रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या निर्देशांत घातलें, तें याचसाठीं.

मुंबई इलाख्यांतील हिंदु ऋणकोला एके काळीं दामदुपटीच्या नियमाचा आधार होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे. कार्डाच्या व्याजास राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें २००८ सालीं वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती; सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो निर्णय रद्द केला. तेव्हां दर खालीं आणण्याची वाट ऋणकोनें स्वतःच शोधली पाहिजे.

अशी एक वाट म्हणजे एका कार्डावरील बाकी दुसर्‍या बँकेच्या कार्डावर वळविणें. बँकांच्या भाषेंत बॅलन्स ट्रान्स्फर. नवी बँक जुन्या बँकेचें देणें चुकतें करते आणि तीच रक्कम कमी दरानें, मासिक हप्त्यांनीं वसूल करते. वरील लाखाचेंच उदाहरण घ्यावें. जुन्या कार्डावर नवी खरेदी न करतां ही रक्कम बारा समान हप्त्यांत फेडली, तर व्याज व कर मिळून सुमारें २८,८०० रुपये जातील. तीच बाकी दरमहा दीड टक्का दरानें, बारा महिन्यांकरितां, दोन टक्के शुल्क देऊन वळविली, तर व्याज सुमारें १०,०१६, त्यावरील कर १,८०३ आणि शुल्क करासह २,३६०, असे एकंदर १४,१७९ रुपये होतात. म्हणजे साडेचौदा हजारांहून अधिक वांचतात. मध्यमवर्गीय घरांत एवढ्या रकमेला कमी कोण म्हणेल?

परंतु ही बचत हातीं येण्यापूर्वीं तीन ठिकाणीं गळूं शकते. पहिलें ठिकाण दराच्या भाषेचें. ‘दरमहा अवघा एक टक्का’ असें सांगितलें जातें, तेव्हां तो घटत्या शिलकेवर आहे कीं मूळ रकमेवर, हें विचारावें. मूळ रकमेवर एक टक्का बारा महिने आकारला, तर मुद्दल उतरत असूनही व्याज पूर्ण लाखावरच चालतें, आणि खरा दर वर्षाला बारा टक्के नसून सुमारें साडेएकवीस टक्के पडतो. दुसरें ठिकाण मुदतीचें. सवलतीचा दर दोन-तीन महिन्यांपुरताच असेल आणि तोंवर फेड झाली नाहीं, तर उरलेल्या रकमेस नेहमींचा चढा दर लागतो. शिवाय जुन्या बँकेकडे रक्कम जमा झाल्याची खात्री होईपर्यंत तेथील देय तारीख पाळली पाहिजे. नाहीं तर विलंबशुल्क आकारलें जातें.

तिसरें ठिकाण सर्वांत धोक्याचें, आणि तें कोणत्याही पत्रकावर छापलेलें नसतें. बाकी वळविली, कीं जुनें कार्ड पुन्हा मोकळें होतें. सणवार येतो, घरांत एखादी वस्तु हवी असते, आणि मोकळी झालेली पत म्हणजे हातीं आलेला पैसाच, असा भ्रम होतो. वर्ष सरतें तेव्हां एका लाखाचीं दोन कर्जें झालेलीं असतात. सावकाराच्या खतांत व्याजाचें मुद्दल सावकार करी. येथें मुद्दलाची वाढ ऋणको स्वतः करतो. म्हणून बाकी वळविल्यावर जुनें कार्ड बंद करण्याचें लेखी कळवावें. देणें उरलें नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत तें बंद करणें बँकेवर बंधनकारक आहे.

हप्ता पगारांतून निभेल कीं नाहीं, हें आधीं तपासावें. निभत नसेल, तर कार्डावरून कार्डावर उडी मारण्यांत शहाणपण नाहीं. पगारदार नोकरांची पतपेढी असल्यास तेथें चौकशी करावी; महागड्या कर्जांतून सामान्य माणसाची सुटका व्हावी, याच हेतूनें १९०४ च्या कायद्यानें या देशांत सहकारी पतसंस्थांना पाया मिळाला. तेथील दर कार्डापेक्षां बहुधा पुष्कळच कमी असतो, आणि कर्जाच्या व्याजावर वस्तु व सेवा करही लागत नाहीं. घरांत सोनें असेल, तर तें गहाण ठेवून कार्डाची बाकी मिटविण्यांत कमीपणा मानूं नये. पेटींत दागिना आणि बाहेर बेचाळीस टक्क्यांचें देणें, हा प्रतिष्ठेचा सौदा फार महाग पडतो.

सारांश, दर उतरविणें हें कर्जफेडीचें साधन आहे, कर्जफेड नव्हे. स्वस्त व्याजानें जो अवधि मिळतो, त्यांत मुद्दल उतरलें तरच त्या अवधीचा उपयोग. ज्या दिवशीं बाकी वळविली, त्याच दिवशीं घरांतील कर्त्या माणसांनीं एकत्र बसून शेवटच्या हप्त्याची तारीख दिनदर्शिकेवर मांडावी, आणि ती तारीख उलटेपर्यंत उधारीची खरेदी वर्ज्य मानावी. एवढा नियम पाळला, तर कर्जाचें हें नवेंजुनें त्या घरांतील शेवटचें ठरेल.