जोडणीची मजुरी किती सांगायची?

मी न्हावऱ्याहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. गटात पापड, मसाला, शिलाई यांचे भाव आपण बऱ्यापैकी ठरवायला शिकलोय. आज मात्र एका वेगळ्याच कामाच्या भावाबद्दल बोलायचंय. ते काम म्हणजे दुसऱ्याला कॉम्प्युटर जोडून देणं.

आमच्या एका गटात एक ताई आहे. आधी तिनं एमएससीआयटी केलं, मग हार्डवेअरचं शिक्षण घेतलं. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असे सुटे भाग आणून ती पूर्ण कॉम्प्युटर उभा करते. हात एकदम साफ आहे. गावोगावी मागणीही आहे. दूध संकलन केंद्राला कॉम्प्युटर लागतो, झेरॉक्सवाल्याला लागतो, अभ्यास करणाऱ्या पोरांना लागतो. प्रश्न एकच होता. कुणी विचारलं, "ताई, तुझं किती द्यायचं?" की ही खाली बघायची आणि म्हणायची, "द्या तुम्हाला काय वाटेल ते."

पहिलं मोठं काम तिच्या मामांचं होतं. मामांचं दौंडकडच्या एका गावात झेरॉक्सचं दुकान आहे. भाग आले २६,००० रुपयांचे. मामा म्हणाले, "तू आण, मी देतो." हिनं गटातून अंतर्गत कर्ज काढून माल आणला, जोडून दिला. मामांनी मजुरीचे म्हणून ५०० रुपये हातावर ठेवले. ही खूश.

मालाचे पैसे मात्र दोन महिन्यांनी आले. तोवरचं व्याज, महिना शेकडा २ रुपयांनी, १,०४० रुपये झालं. ते हिनंच भरलं. त्यात मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, विजा झाल्या, लाईट खालीवर झाली आणि एसएमपीएस जळाला. मामा म्हणाले, "तूच जोडलास ना?" तो एसएमपीएस स्वस्तातला, कॅबिनेटबरोबर आलेला. त्याचं वेगळं बिल नव्हतं. हिनं १,४०० रुपये खिशातून घालून नवा बसवला. त्या दिवशी ती बैठकीत रडली. म्हणाली, "मला हे काम जमत नाही."

मी म्हटलं, थांब, आधी हिशोब मांडू. आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाचं लेखन. गटाचा रुपयान् रुपया आपण लिहितो. पण स्वतःच्या कामाचे तास कोण लिहितं?

फळ्यावर तास लिहिले. काय हवं ते विचारून यादी करायला १ तास. शिक्रापूरवरून पुण्याला जाऊन माल बघून परत यायला ८ तास. जोडणी ३ तास. विंडोज, प्रिंटर, मराठी टायपिंग बसवून तपासायला ३ तास. पोहोचवून शिकवायला २ तास. नंतर वर्षात 'चालू होत नाही गं' म्हणून फोन येतात, त्याच्या दोनच फेऱ्या धरल्या तरी ४ तास. एकूण २१ तास झाले. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी रिक्षा, चहा, जेवण धरून ३२० रुपये खर्च झालेच. म्हणजे ५०० मधून उरले १८० रुपये. तासाला नऊ रुपयेही पडले नाहीत. खुरपायला गेली असती तर जास्त मिळाले असते. व्याज आणि एसएमपीएस धरला तर ताई २,२६० रुपयांनी खड्ड्यात गेली होती.

तिला काम जमत होतं. भाव सांगणं जमत नव्हतं.

मग भाव कसा लावायचा? कुणी म्हणालं, मालाच्या किमतीवर शेकडा १० टक्के घे. तेव्हा आमची शिलाईवाली वहिनी म्हणाली, "माझ्याकडे साध्या साडीचा ब्लाऊज आला काय आणि पैठणीचा आला काय, शिवायला वेळ तेवढाच लागतो. पण पैठणीचा कापताना हात थरथरतो." बघा, किती नेमकं बोलली. वेळेची मजुरी सारखीच हवी. महाग माल हाताळायची जोखीम मात्र वेगळी धरायची. प्रोसेसर बसवताना एक पिन वाकली तर नुकसान कुणाचं? आपलंच.

त्यावरून आम्ही असं ठरवलं. गटात शिलाईला तासाला जेवढं सुटतं, त्याच्या आसपास म्हणजे तासाला ७० रुपये. पुण्याला एका कॉम्प्युटरसाठी जायचं नाही, दोन कामं जमली की जायचं. म्हणजे फेरीचे ४ तासच एकाच्या वाट्याला येतात आणि एकूण १७ तास होतात. त्याचे १,१९०. प्रवासखर्च निम्मा, १६०. हत्यारं, पेस्ट, पेन ड्राईव्ह यांचे ३०. आणि मालाच्या किमतीवर २ टक्के जोखीम, २६,००० वर ५२० रुपये. एकूण १,९००. ते ५२० रुपये खर्चायचे नाहीत. वेगळ्या डब्यात ठेवायचे. काही मोडलं तर त्यातून भरायचं.

आता नियम ऐका, कारण भावाइतकेच तेही महत्त्वाचे आहेत.

मालाचे पूर्ण पैसे आधी घ्यायचे. गटाचं कर्ज काढून दुसऱ्याचा माल आणायचा नाही. प्रत्येक भागाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यायचं आणि त्याच्याच हातात द्यायचं. वॉरंटी कंपनीची, बिल त्याचं. विजेचा दाब वाढून जळालेला भाग बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हे आधीच सांगायचं. आपल्याकडची लाईट बघता यूपीएस आणि नीट अर्थिंग करून घ्यायला सांगायचं. विंडोजच्या लायसन्सची किंमत वेगळी लिहायची. चोरीची कॉपी टाकून देते असं कधीही म्हणायचं नाही. परवडत नसेल तर उबुंटूसारखी फुकट प्रणाली आहे, ती दाखवायची.

जीएसटीचंही बायका विचारतात. सुट्या भागांच्या बिलात तो लागलेलाच असतो. आपण फक्त मजुरी घेत असू आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर आपल्याकडे नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर पावतीवर जीएसटी लावायचाही नाही.

आणि पावती द्यायचीच. घोडगंगा कारखान्यामुळे काटा काय असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. उसाची गाडी काट्यावर गेली की पावती मिळते. मग आपल्या तासांची का नको? नात्यात सूट द्यायची तर जरूर द्या, पण पावतीवर आधी पूर्ण १,९०० लिहा आणि खाली 'सूट' लिहून रक्कम टाका. आपण काय दिलं, हे समोरच्याला कळू दे.

लोक म्हणतील, पुण्यात दुकानदार फुकट जोडून देतो. देत असेल. त्याचा नफा मालात असतो. आपण मालावर काही ठेवत नाही, हे बिलं दाखवून सांगा. आणि रात्री प्रिंटर अडला तर पुण्याचा दुकानदार न्हावऱ्याला येत नाही, हेही सांगा. क्विक हीलच्या कैलास काटकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साताऱ्याकडचा माणूस, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळला. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. पैसा नुसत्या पेटीत नाही, तिच्या देखभालीत आहे. म्हणून दोन फेऱ्या मजुरीत धरा आणि तिसऱ्या फेरीला १५० रुपये सांगा.

नव्या भावानं ताईला पहिलं काम दूध संकलन केंद्राचं मिळालं. दर सांगताना तिचा आवाज कापत होता, असं ती म्हणाली. समोरच्यानं कागद वाचला, एक प्रश्न विचारला आणि मालाचे पैसे मोजून दिले. मामांनी मात्र दुसरा कॉम्प्युटर पुण्यातून घेतला. ते अजून तिच्याशी तुटक बोलतात. तिला त्याचं वाईट वाटतं. पण दर तिनं कमी केला नाही.

तर मैत्रिणींनो, काम कॉम्प्युटरचं असो की शेवयांचं, या आठवड्यात एक करा. एका कामाचे तास वहीत लिहा. यादी करणं, आणणं, पोहोचवणं, नंतरचे फोन, सगळं लिहा. बेरीज करा. मग आरशासमोर उभं राहून आपला भाव एकदा मोठ्यानं म्हणा. पुढच्या वेळी कुणी विचारलं, "किती द्यायचं?" तर खाली न बघता तो आकडा सांगा.